चौकोन काढायला गेले, डमरू आला: खिडकीत भरीव आकार कसे काढायचे

(हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेलं अडखळणं आणि मागून येणारे लोकलचे हॉर्न काढून टाकलेत, बाकी सगळं जसंच्या तसं. कोडच्या ओळी इथे बोलल्यासारख्या लिहिल्या आहेत. टाईप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

[००:००] सुरुवात

कोणी लोकलमध्ये ऐकतंय, कोणी भांडी घासताना, कोणी रात्री गच्चीवर. कुठेही असाल तरी आज एक छोटं काम करा. जवळ एक चौकटीची वही किंवा आलेख कागद आणि पेन्सिल ठेवा. आजचा विषय चित्राचा आहे आणि आपलं माध्यम आवाजाचं. त्यामुळे चित्र तुम्हालाच काढावं लागणार.

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटमुळे झाला. अंबरनाथ पूर्वेहून एका मैत्रिणीने पाठवलाय. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या परवानगीने थोडक्यात सांगतो. ती म्हणते:

"दादा, सोमवारी माझी प्रॅक्टिकल आहे. घरी कॉम्प्युटर नाही, फक्त मोबाईल. कॉलेजच्या लॅबमध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढाच. पायथनमध्ये खिडकी उघडून त्यात भरलेला चौकोन काढायचा होता. चार बिंदू दिले, रंग दिला, रन केलं, तर चौकोनाऐवजी डमरू आला! दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. मैत्रिणीचा कोड कॉपी करून टाकला तर बरोबर आलं. पण मागच्या सेमिस्टरला मी असंच केलं होतं. कोड चालला, पण तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, 'हा आकडा इथे का?' आणि मी गप्प. या वेळी मला गप्प नाही राहायचंय. डमरू का आला, ते सांगा ना."

बघा, प्रश्न "बरोबर कोड द्या" असा नाहीये, "चुकीचा का आला" असा आहे. असा प्रश्न आला की मी खूश होतो. आणि अंबरनाथकरांना डमरू आला म्हणजे तसं शुभच म्हणायचं! वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर तुमच्याच पूर्वेला आहे, त्यावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा उल्लेख आहे. त्या मंदिराचा आज आपल्याला एक उपयोगही होणार आहे. थांबा जरा.

[०२:४०] आधी खिडकी

टीकिंटर हे पायथनबरोबर येणारं खिडक्या बनवायचं साधन. विंडोजवर पायथन टाकलं की बहुतेक वेळा ते सोबतच येतं, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. नावाचा अर्थ साधा आहे: 'टीके'चा इंटरफेस. टीके हे मूळ साधन अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी केलं, आणि पायथनने त्याच्याशी बोलायला हा दुभाषा ठेवला. घरी कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ नावाचं अ‍ॅप आहे, त्यातही टीकिंटर चालतं. स्क्रीन लहान असते, पण सराव होतो.

पहिल्या ओळी ऐका:

इम्पोर्ट टीकिंटर अ‍ॅज टीके
खिडकी = टीके डॉट टीके, पुढे रिकामा कंस
फळा = टीके डॉट कॅनव्हास, कंसात: खिडकी, विड्थ = ६००, हाइट = ४००, बीजी = "सॅडलब्राउन"
फळा डॉट पॅक, रिकामा कंस
(आकार इथे काढायचे)
खिडकी डॉट मेनलूप, रिकामा कंस

दुसऱ्या ओळीत डॉटच्या आधीचा टीके सगळा लहान लिपीत, डॉटनंतरच्या टीकेचा 'टी' मोठ्या लिपीत. कॅनव्हासचा 'सी'सुद्धा मोठा. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते.

आणि हो, 'खिडकी' आणि 'फळा' ही नावं मी फक्त समजवायला घेतलेली नाहीत. पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत दिलेलं चालतं. तुम्ही खरोखर 'फळा' टाईप करू शकता. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लिहायचे, कोडमध्ये मराठी अंक चालत नाहीत.

शेवटची मेनलूपची ओळ कशाला? खिडकी उघडली की ती कोणीतरी क्लिक करेल, ओढेल, बंद करेल याची वाट बघत बसायला हवी. ते वाट बघणं म्हणजे मेनलूप. ही ओळ विसरलात तर प्रोग्रॅम आपलं काम संपवून निघून जातो आणि खिडकी डोळ्यांसमोर लकाकून गायब होते. परीक्षेत कोणी विचारलं तर एवढंच सांगा: प्रोग्रॅमला जिवंत ठेवणारी ओळ.

[०५:३०] वाय खाली का जातो?

आता वही घ्या. शाळेत आपण आलेख काढायचो तेव्हा शून्य-शून्य खाली डावीकडे असायचं आणि वाय वर वाढायचा. कॅनव्हासवर शून्य-शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. एक्स उजवीकडे वाढतो, इथवर ठीक. पण वाय खाली वाढतो. वाय जितका मोठा, तितकं खाली.

का? कारण जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत आणि मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा किरण वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचा, एक ओळ उजवीकडे जायचा, मग खालची ओळ, मग त्याखालची. आपण पुस्तक वाचतो तसं. मेमरीतही पिक्सेल त्याच क्रमाने ठेवले गेले. नळी गेली, सवय राहिली. आज तुमच्या हातातल्या फोनवरही बहुतेक अ‍ॅप्स असंच मोजतात.

म्हणून वहीवर आधी वरच्या डाव्या कोपऱ्यात शून्य लिहा. एक चौकट म्हणजे १० पिक्सेल धरा. ६०० बाय ४०० चा फळा म्हणजे ६० चौकटी रुंद, ४० चौकटी उंच. एका पानात मावला नाही तर दोन पानं जोडा.

[०७:१५] डमरूचं रहस्य

मैत्रिणीने दिलेले चार बिंदू हे होते:

पहिला: १००, १००
दुसरा: २००, १००
तिसरा: १००, २००
चौथा: २००, २००

वहीवर चारही टिंबं काढा. दिसतायत ना? झकास चौकोनाचे चार कोपरे. मग चूक कुठे? टिंबांत चूक नाहीच. चूक क्रमात आहे.

आता पेन्सिल न उचलता टिंबं त्याच क्रमाने जोडा. पहिल्यावरून दुसऱ्याकडे: वरची आडवी कड. दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे: अरे, ही तर तिरकी गेली, वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या. तिसऱ्यावरून चौथ्याकडे: खालची आडवी कड. आणि चौथ्यावरून परत पहिल्याकडे: पुन्हा तिरकी. दोन तिरक्या रेषा मधोमध, १५०, १५० वर एकमेकींना छेदतात. डमरू!

मैत्रिणीने काय केलं होतं? आपण लिहितो तसे बिंदू दिले. वरची ओळ डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ डावीकडून उजवीकडे. पण 'क्रिएट पॉलिगॉन' ही आज्ञा बिंदू वाचत नाही, ती बिंदूंवरून चालते. कडेकडेने प्रदक्षिणा घालते. त्यामुळे बिंदू प्रदक्षिणेच्या क्रमाने द्यायचे: वर डावा, वर उजवा, खाली उजवा, खाली डावा. म्हणजे फक्त तिसरा आणि चौथा बिंदू अदलाबदल करायचा:

फळा डॉट क्रिएट अंडरस्कोर पॉलिगॉन, कंसात: १००, १००, २००, १००, २००, २००, १००, २००, फिल = "व्हाइट"

झाला चौकोन.

इथे मंदिर आठवा. शंकराच्या देवळात आपण पूर्ण प्रदक्षिणा घालत नाही, तीर्थ वाहतं ती पन्हाळ ओलांडत नाही, तिथूनच मागे फिरतो. बहुभुजाचं उलट आहे, त्याची प्रदक्षिणा पूर्णच होते. तुम्ही पहिला बिंदू शेवटी पुन्हा दिला नाहीत तरी टीके शेवटचा बिंदू पहिल्याला आपोआप जोडतं. तोंडी परीक्षेचा हा आवडता प्रश्न आहे: "बहुभुज बंद कोण करतं?" उत्तर: टीके स्वतः.

[१०:२०] रंग भरतो कोण आणि कसा?

आता खरा मजेचा भाग. कडा कळल्या. पण आतला रंग? कॉम्प्युटरला 'आत' म्हणजे काय ते कसं कळतं? आपल्याला डोळ्यांना दिसतं, त्याच्याकडे फक्त आकडे आहेत.

दोन पद्धती आहेत. आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पहिली पद्धत लक्षात राहील.

मी शिकत होतो तेव्हा टर्बो सी होतं. महाराष्ट्रात डिप्लोमा केलेल्या कितीतरी पिढ्यांनी कॉम्प्युटर ग्राफिक्सची प्रॅक्टिकल्स त्या निळ्या स्क्रीनवरच केली आहेत. त्यात ६४० बाय ४८० ची स्क्रीन, म्हणजे ३ लाख ७ हजार २०० पिक्सेल, आणि रंग १६. आकार भरायला 'फ्लडफिल' अशी आज्ञा. तिला तीन गोष्टी सांगायच्या: कुठून सुरू करायचं त्याचा एक्स, वाय आणि कुंपणाचा रंग. मग ती त्या ठिणगीपासून चहूबाजूंना रंग पसरवत जाते, कुंपणाचा रंग भेटेपर्यंत.

मी वर्तुळ पांढऱ्या रंगात काढलं आणि फ्लडफिलला कुंपणाचा रंग सांगितला लाल. परीक्षक शेजारी उभे. एंटर दाबलं. रंग वर्तुळात भरला, पांढरी कड ओलांडली आणि सगळी स्क्रीन गिळून बसला. लाल कुंपण कुठे होतंच नाही, तर तो थांबणार कशाला? परीक्षक एवढंच म्हणाले, "पूर आला की रे." फ्लड म्हणजे पूर हे मला त्या दिवशी कळलं.

दारात रांगोळी काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बाह्यरेषेत बोटभर जागा राहिली की आतला रंग बाहेरच्या रंगात मिसळतो. फ्लडफिलला तर एका पिक्सेलची फट पुरते.

दुसरी पद्धत बहुभुजाची. तिच्यात ठिणगी नाही, पूर नाही. तिचं नाव स्कॅनलाइन, म्हणजे ओळीओळीने भरणं. वहीवर करून बघू. मैत्रिणीचा तो डमरूच घ्या, आता तो कामाचा आहे.

वाय १२५ वर एक आडवी पट्टी ठेवा. ती तिरक्या कडांना कुठे छेदते? डावीकडे एक्स १२५ वर, उजवीकडे १७५ वर. डावीकडून चालायला लागा. पहिली कड ओलांडली, 'आत' आलो. रंग भरायला सुरुवात. दुसरी कड ओलांडली, 'बाहेर' गेलो. रंग बंद. म्हणजे १२५ ते १७५ रंगवा. पट्टी खाली आणा. वाय १५० वर दोन्ही कडा एकाच जागी, एक्स १५०. रुंदी शून्य. ही डमरूची कंबर. आणखी खाली, वाय १७५ वर पुन्हा १२५ ते १७५. कंबर ओलांडून आकार परत रुंद होत चालला.

नियम एका वाक्यात: विषम कडा ओलांडल्या की आत, सम ओलांडल्या की बाहेर. याला सम-विषम नियम म्हणतात. एवढं कळलं की फोनमधला नकाशा, गेममधली गाडी, अक्षरांचे फॉन्ट, सगळ्यांतला रंग कसा भरतो याची पहिली पायरी तुम्हाला कळली.

पण इथे एक खाच आहे. पेन्सिल न उचलता पाच टोकांची चांदणी काढतो ना आपण? तिच्या मधल्या पंचकोनावर डावीकडून चालत गेलात तर तिथवर दोन कडा ओलांडल्या जातात. दोन म्हणजे सम, म्हणजे 'बाहेर'. त्यामुळे सम-विषम नियमाने चांदणीचं पोट पोकळ राहतं. दुसरा एक नियम आहे, तो कडा कुठल्या दिशेने फिरतात ते मोजतो. त्या नियमाने पोट भरलेलं येतं. जावाचं 'फिलपॉलिगॉन' सम-विषम नियम वापरतं, क्यूटीचं 'ड्रॉपॉलिगॉन'ही आपणहून तोच वापरतं. ब्राउझरमधला कॅनव्हास आपणहून दुसरा नियम वापरतो. म्हणून एकच चांदणी दोन ठिकाणी वेगळी दिसली तर कोडला शिव्या देऊ नका, आधी नियम बघा.

[१५:००] बाकीचे आकार, आणि एक फसवी गोष्ट

आयताला चार बिंदू लागत नाहीत, दोन पुरतात. 'क्रिएट रेक्टँगल'ला वरचा डावा आणि समोरचा खालचा उजवा कोपरा द्या, बाकीचे दोन ते स्वतः ओळखतं.

वर्तुळासाठी वेगळी आज्ञाच नाही. 'क्रिएट ओव्हल' आहे. तिला केंद्र आणि त्रिज्या कळत नाही, ती मागते डबा. वर्तुळ ज्या चौकोनी डब्यात घट्ट बसेल त्या डब्याचे दोन कोपरे. केंद्र २००, ९५ आणि त्रिज्या १५ असेल, तर केंद्रातून त्रिज्या वजा करा: १८५, ८०. मग मिळवा: २१५, ११०. हे चार आकडे द्यायचे. "हा आकडा इथे का?" या प्रश्नाचं उत्तर हेच: केंद्र वजा त्रिज्या, केंद्र अधिक त्रिज्या. डबा चौकोनी नसून आयताकृती दिलात तर वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ येतं.

आता फसवी गोष्ट. आयत किंवा वर्तुळ काढताना 'फिल' लिहायला विसरलात तर आत काहीच भरत नाही, फक्त काळी कड दिसते. बहुभुज काढताना 'फिल' विसरलात तर तो आपणहून काळा भरून येतो, आणि कड मात्र नसते. तिघांची मूळ सवयच वेगळी आहे. म्हणून माझा सल्ला: 'फिल' आणि 'आउटलाइन' दोन्ही नेहमी स्वतः लिहायचे. गृहीत धरायचं नाही.

आणखी एक. फळ्यावर जो आकार नंतर काढाल तो आधीच्याच्या वर बसतो. आधी डोळा आणि नंतर चेहरा काढलात तर डोळा चेहऱ्याखाली गाडला जातो. आधी भिंत, मग दार, मग कडी.

जाता जाता एक गंमत. मॅकिंटॉशच्या पडद्यावर आकार काढणारं सॉफ्टवेअर बिल अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिलं. १९८१ मध्ये त्यांनी वेगाने भरीव लंबवर्तुळं काढून दाखवली, तर स्टीव्ह जॉब्स म्हणाले, गोलसर कोपऱ्यांच्या आयताचं काय? ते कशाला, असं अ‍ॅटकिन्सन यांना वाटलं. जॉब्स त्यांना बाहेर घेऊन गेले आणि रस्त्यावर असे आयत दाखवत सुटले, 'नो पार्किंग'च्या पाटीपर्यंत. आता तुमच्या फोनचा होम स्क्रीन बघा. कितीतरी आयकॉन गोलसर कोपऱ्यांचे, भरलेले.

[१८:४५] खिडकी हलवली, चौकोन गेला

व्हॉइस नोटच्या शेवटी अजून एक प्रश्न होता. तिची मैत्रीण जावामध्ये करतेय. तिचा चौकोन नीट येतो, पण खिडकी लहान-मोठी केली की पुसला जातो. टीकिंटरमध्ये तसं होत नाही. का?

दोन प्रकारचे चित्रकार समजा. एक जण चित्र काढतो आणि कशा-कशाने काढलं ते वहीत लिहून ठेवतो. पावसाने भिंत धुतली तरी वही बघून परत काढतो. टीकिंटरचा कॅनव्हास हा असा. तुम्ही काढलेला प्रत्येक आकार तो लक्षात ठेवतो, त्याला एक नंबर देतो, आणि गरज पडली की स्वतः परत काढतो. तो नंबर वापरून आकार हलवता येतो, त्याचा रंग बदलता येतो.

दुसरा चित्रकार भिंतीवर काढतो आणि विसरतो. भिंत धुतली, चित्र गेलं. जावाचं स्विंग या जातीचं आहे. त्यात खिडकी बदलली की यंत्रणा तुम्हाला हाक मारते, "पेंटकंपोनंट! परत काढ." त्या हाकेच्या आत तुमचा 'फिलरेक्ट' लिहिलेला असेल तर चौकोन दर वेळी परत येतो. बाहेर कुठेतरी एकदाच काढलेला असेल तर पहिल्या झटक्यात जातो. मैत्रिणीला सांग, कोड त्या हाकेच्या आत हलव. आणि 'ड्रॉरेक्ट' नुसती कड काढतं, 'फिलरेक्ट' भरीव काढतं, हेही बघून घे म्हणावं.

[२१:००] चुकीतून चित्र

आता डमरूकडे परत येऊ. तो फेकून द्यायचा का? मला तो बघताक्षणी दुसरंच काहीतरी दिसलं. दोन त्रिकोण, टोकाला टोक. वरती एक गोल ठेवा. ओळखलं? वारली!

पालघर-ठाण्याच्या पट्ट्यातली ही चित्रं आपण शाळांच्या, बागांच्या भिंतींवर रोज बघतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला, आणि मोजकेच आकार: गोल, त्रिकोण, चौकोन. लग्नात भिंतीवर जो देवचौक लिहितात तो नुसती सजावट नसतो, तो विधी असतो आणि परंपरेने तो सवाष्णी लिहितात. डहाणूजवळच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आपण आज काढणार आहोत तो फक्त सराव आहे. त्याला वारली कला म्हणायचं धाडस मी करणार नाही, पण आकार कुठून घेतला ते सांगायलाच हवं.

वहीवर टिंबं काढा. धड, एकाच बहुभुजात, मुद्दाम 'चुकीच्या' क्रमाने:

१६०, १२०
२४०, १२०
१७०, २५०
२३०, २५०

कंबर बरोबर एक्स २०० वर येते, वाय साधारण १९४ वर. खांदे ८० पिक्सेल रुंद, खालचा घेर ६०.

डोकं: ओव्हल, डबा १८५, ८० ते २१५, ११०. मघाशी काढलेलेच आकडे.
अंबाडा: छोटा ओव्हल, २१५, ८९ ते २२७, १०१. डोक्याला चिकटून.
मान: 'क्रिएट लाइन', २००, ११० ते २००, १२०, विड्थ ४.
डावा हात: १६०, १२० ते १३०, १६०. उजवा हात: २४०, १२० ते २७०, १६०.
पाय: १८०, २५० ते १७०, ३२० आणि २२०, २५० ते २३०, ३२०.

सगळ्याला 'फिल' पांढरा. हो, रेषेचा रंगही 'फिल'नेच सांगायचा. ओव्हलला 'आउटलाइन'ही पांढरी द्या, नाहीतर काळी कड दिसेल.

आता हे सगळं 'बाई' नावाच्या एका फंक्शनमध्ये टाका आणि त्याला एक आकडा घेऊ द्या, 'सरक'. प्रत्येक एक्समध्ये 'सरक' मिळवा. वायला हात लावू नका. मग बाहेर एक फॉर लूप, आकडे: उणे १००, ४०, १८०, ३२०. प्रत्येक वेळी 'बाई'ला बोलवा.

रन करण्याआधी वहीवर हिशेब करा. एका बाईचा डावा हात १३० वर संपतो, उजवा २७० वर. अंतर १४०. आपले चारही आकडे १४० च्या अंतराने आहेत. पहिलीचा उजवा हात २७० वजा १००, म्हणजे १७०. दुसरीचा डावा हात १३० अधिक ४०, म्हणजे १७०. वाय दोन्हींचा १६०. म्हणजे हातात हात! पहिली ३० वर सुरू होते, चौथी ५९० वर संपते, आणि फळा ६०० चा आहे. चौघी नीट मावतात.

कोणीही त्यांना हात धरायला सांगितलं नाही. आकड्यांनी धरले.

[२५:५०] सोमवारसाठी

तर मैत्रिणी, सोमवारचं बोलू. लॅबमध्ये तुला वेळ थोडा आहे, पण यातलं बरंचसं काम लॅबमध्ये करायचंच नाहीये. ते वहीत करायचंय, अंबरनाथ स्टेशनवर गाडीची वाट बघत करायचंय. लॅबमध्ये फक्त टाईप करायचं.

वहीच्या शेवटच्या पानावर पाच ओळी लिहून घे. पाठ करायच्या नाहीत, प्रत्येकीपुढे तुझ्या शब्दांत कारण लिहायचं:

एक, शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, वाय खाली वाढतो.
दोन, बहुभुजाचे बिंदू प्रदक्षिणेच्या क्रमाने, शेवटचा आपोआप जोडला जातो.
तीन, वर्तुळाला डबा: केंद्र वजा त्रिज्या, केंद्र अधिक त्रिज्या.
चार, 'फिल' आणि 'आउटलाइन' स्वतः लिहायचे, आणि नंतरचा आकार वर बसतो.
पाच, मेनलूप विसरायचं नाही.

आणि सरांनी विचारलं ना, "हा आकडा इथे का?" तर घाबरू नकोस. वही उघड आणि ते टिंब दाखव. ज्या आकड्याचं टिंब तू स्वतःच्या हाताने काढलंयस, त्याच्यापुढे तू गप्प राहणार नाहीस. जमलं तर त्यांना आधी चुकीचा डमरू काढून दाखव आणि मग तो का आला ते सांग. चूक समजावून सांगता येणाऱ्या मुलीने कोड कॉपी केलाय असं कोण म्हणेल?

बाकीच्यांना गृहपाठ: चौघींच्या मध्ये तारपा वाजवणारा एक माणूस बसवा. त्याला अंबाडा नको, तारपा मात्र लांब हवा, खाली रुंद होत जाणारा. म्हणजे चार बिंदूंचा बहुभुज, आणि या वेळी क्रम प्रदक्षिणेचा. चुकलात तर तारप्याचा डमरू होईल. झाला तर फोटो काढून पाठवा, आधी हसू, मग दुरुस्त करू.

आणि मैत्रिणी, सोमवारी संध्याकाळी परत व्हॉइस नोट पाठव. किती मार्क मिळाले ते नंतर कळेलच. सरांनी काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, ते मला ऐकायचंय.

भेटू पुढच्या भागात. तोवर वही जवळ ठेवा.